आधी पार्किंगमधला प्लग, मग गाडी

इलेक्ट्रिक गाडी घेताना लोक रेंज विचारतात, सनरूफ विचारतात. रात्री ती कुठल्या प्लगला लावायची, हे मात्र डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी आठवतं. हा क्रम उलटा करा. बुकिंगचे पैसे भरण्याआधी एका चांगल्या वायरमनला घेऊन पार्किंगमध्ये उतरा.

गाडीसोबत मिळणारा पोर्टेबल चार्जर 15 अँपियरच्या प्लगवर चालतो आणि तासाला साधारण 3 युनिट घेतो. रोजचं जाणं-येणं 40-50 किलोमीटर असेल तर 7-8 युनिट पुरतात, म्हणजे अडीच-तीन तासांचं काम. 40 युनिटची (म्हणजे 40 किलोवॅट-अवरची) बॅटरी 20 टक्क्यांवरून पूर्ण भरायला मात्र बारा तास धरा, कारण चार्जिंगमध्ये दहा-पंधरा टक्के वीज वाया जाते. 7.2 किलोवॅटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवर कायमचा बसवलेला चार्जर, तेच काम पाच तासांत करतो. रोज शंभराच्या वर धावणाऱ्याला तो हवाच. बाकीच्यांनी सहा महिने 15 अँपियरवर काढून मग ठरवावं.

पण हा 15 अँपियरचा पॉइंट म्हणजे गीझरचा जुना पॉइंट नव्हे. गीझर वीस मिनिटं चालतो आणि बंद होतो. गाडी तेवढाच करंट सलग आठ-दहा तास ओढते. सॉकेटच्या आतला स्क्रू जरा ढिला असला की तिथे उष्णता साठते, प्लास्टिक आधी पिवळट, मग तपकिरी होतं आणि एका रात्री पिन सॉकेटलाच चिकटते. म्हणून मीटरपासून स्वतंत्र लाइन ओढा: 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, 20 अँपियरचा एमसीबी (जास्त करंट गेला की लाइन तोडणारा स्विच), 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळून झटका बसण्याआधी लाइन तोडणारा स्विच) आणि नामांकित कंपनीचं 16 अँपियरचं सॉकेट. वॉलबॉक्ससाठी 6 स्क्वेअर एमएम वायर आणि 40 अँपियरचा एमसीबी. सोसायटीत मीटररूमपासून पार्किंग 40 मीटर लांब असेल तर 32 अँपियरवर 6 एमएमच्या वायरीत सुमारे 8 व्होल्ट गळतात. तिथे 10 एमएमच घाला. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात वापरू नका. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने प्लगला हाताची मागची बाजू लावून पाहा. कोमट चालेल, चटका बसला तर चार्जिंग थांबवा आणि सॉकेट बदला.

आता अर्थिंग. चार्जरवर लाल दिवा लुकलुकतो, गाडी चार्ज घेत नाही आणि घरातलं बाकी सगळं व्यवस्थित चालू असतं. अशा वेळी बहुतेकदा गाडीत दोष नसतो. फ्रिज-टीव्ही अर्थिंगशिवायही निमूट चालतात. गाडीचा चार्जर आधी अर्थिंग तपासतो आणि मगच करंट सोडतो. मल्टिमीटर एसीवर ठेवून तीन मापं घ्या: फेज-न्यूट्रल 230 च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच आणि न्यूट्रल-अर्थ 2-3 व्होल्टच्या आत. हे तिसरं माप त्याच लाइनवर इस्त्रीसारखा जड लोड चालू ठेवून घ्या, कारण रिकाम्या लाइनवर ते चांगलंच दिसतं. दहाच्या पुढे गेलं तर अर्थिंगचा खड्डा सुकलाय, जोड गंजलाय किंवा न्यूट्रल कुठेतरी ढिला आहे. मराठवाडा-विदर्भात एप्रिल-मे महिन्यात जुन्या पाइप अर्थिंगला पाणी घातलं की चार्जिंग सुरू होतं, ते यामुळेच. कायमचा उपाय म्हणजे नवीन केमिकल अर्थिंग.

काही वायरमन दोन मिनिटांत ‘उपाय’ करून देतात: सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडतात. दिवा हिरवा होतो, गिऱ्हाईक खूश. पुढे कधी मागचा न्यूट्रल तुटला तर फेज थेट गाडीच्या पत्र्यावर येतो आणि पावसात ओल्या पायांनी दार उघडणाऱ्याला झटका बसतो. असा जोड दिसला तर आधी तो काढा.

वीजबिलावरचा मंजूर भारही पाहून ठेवा. तो 3 किलोवॅट असेल तर गाडी आणि एसी एकत्र चालणार नाहीत. भार वाढवण्याचा अर्ज महावितरणकडे करता येतो. महिन्याला 1000 किलोमीटर म्हणजे जवळपास 175 युनिट जास्त. घरगुती दर टप्प्यांचा असल्याने हे युनिट वरच्या, महाग टप्प्यात जाऊन बसतात. म्हणून गाडीसाठी वेगळं मीटर घेण्याचा हिशोब एकदा कागदावर मांडून बघा. 2024 मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांच्या केंद्रीय नियमांत दुरुस्ती झाली, तेव्हापासून असं स्वतंत्र कनेक्शन मागता येतं. सोसायटीच्या सभेत ‘आमच्या कॉमन मीटरवर भार’ हा वाद निघतो, तोही वेगळ्या मीटरने मिटतो. सेक्रेटरींना अर्ज देताना वायरचा मार्ग, एमसीबीचं रेटिंग आणि लायसनधारक ठेकेदाराचं नाव लिहून द्या. तोंडी मागितलेली परवानगी पुढच्या सभेपर्यंत लटकते.

किती टक्के चार्ज करायचं? ते बॅटरीच्या जातीवर आहे आणि विकणारे हे क्वचितच सांगतात. नेक्सॉन, टियागो, पंच यांच्या इलेक्ट्रिक गाड्यांत एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) बॅटरी आहे. तिचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे गाडीला उरलेल्या टक्क्यांचा नीट अंदाज येत नाही. आठवड्यातून एकदा 100 टक्के केलं की हिशोब जुळतो. तसं न केल्यास 12 टक्के दाखवत असताना अचानक 4 वर येण्याचा प्रकार घडतो. दुसरी जात एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट). त्या बॅटरीच्या गाडीला रोज 80 टक्के ठेवा आणि प्रवासाच्या आदल्या रात्रीच पूर्ण भरा. महिनाभर गावाला जात असाल तर दोन्ही प्रकारांत निम्म्यावर सोडा.

हायवेवर कंपनीची रेंज विसरा, एका युनिटला किती किलोमीटर ते बघा. मध्यम एसयूव्ही शहरात 7-8 देते, ताशी 80 ला त्याच्या जवळपास, 110 च्या पुढे 5 वर येते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे 80 च्या तुलनेत 120 ला तो सव्वादोन पट असतो. मुंबईहून पुण्याला निघाल्यावर खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत सुमारे साडेपाचशे मीटरची चढण आहे. माणसं-सामान धरून 1.9 टनांची गाडी फक्त वर चढवायला जवळपास 3 युनिट जातात. घाटात टक्के भराभर उतरतात ते त्यामुळे, घाबरू नका. परतीला त्यातला बराच भाग रीजेनमधून, म्हणजे वेग कमी होताना मोटर उलटी वीज बनवते त्यातून, वसूल होतो. एक अपवाद: महाबळेश्वरच्या हॉटेलात 100 टक्के भरून लगेच आंबेनळीने पोलादपूरला उतरलात, तर बॅटरीत जागाच नसल्याने रीजेन जवळपास बंद राहतं आणि सगळा उतार ब्रेकवर येतो. तिथे 85-90 टक्क्यांवर प्लग काढा.

फास्ट चार्जिंगला 15-20 टक्के असताना पोहोचा आणि 80 झालं की निघा. त्यापुढे वेग इतका पडतो की शेवटच्या वीस टक्क्यांना आधीच्या साठ टक्क्यांइतका वेळ लागू शकतो. 60 किलोवॅटच्या मशिनला दोन गन (गाडीत लावायचे प्लग) असतील आणि शेजारी दुसरी गाडी लागली असेल, तर बहुतेक ठिकाणी वाट्याला 30 येतात. निदान दोन कंपन्यांची ॲप आणि त्यांत थोडे पैसे घरूनच भरून ठेवा. घाटाखाली नेटवर्क नसताना ओटीपी येत नाही. ठरवलेलं स्टेशन बंद निघालं तर पुढचं कुठलं, हे निघण्याआधीच ठरलेलं असावं.

पावसात चार्जिंग करायला हरकत नाही, पण भिंतीवरचं सॉकेट झाकणाच्या बॉक्समध्ये आणि जमिनीपासून मीटरभर उंच हवं. बॅटरीचं आयपी 67 हे धूळ-पाण्यापासून बचावाचं मानांकन म्हणजे मीटरभर स्थिर पाण्यात अर्धा तास, तेही चाचणीच्या टाकीत. वाहत्या पाण्यात चाकाच्या मध्याच्या वर पाणी असेल तर गाडी घालू नका. गाडी बुडालीच, तर पाणी ओसरल्यावर ती चालू करू नका, चार्जरही लावू नका, टोइंग बोलवा. नारिंगी वायर मोठ्या बॅटरीच्या उच्च व्होल्टेजची असते, तिला हात लावायचा नाही. ती उंदरांनी कुरतडलेली दिसली तरीही गॅरेजवाल्याकडून टेप मारून घेऊ नका.

बाकी देखभाल थोडी. रीजेनमुळे ब्रेक कमी वापरले जातात आणि कोकणच्या खाऱ्या हवेत डिस्क गंजतात, म्हणून आठवड्यातून एकदा रिकाम्या रस्त्यावर रीजेन शून्यावर ठेवून चार-पाच वेळा जोरात ब्रेक दाबा. टायर लवकर झिजतात. बदलताना लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) मूळचाच घ्या, स्वस्तातला खालचा नको. कूलंट कंपनीने सांगितलेलाच भरा, साधं पाणी नाही. पीयूसी लागत नाही आणि थर्ड पार्टी विम्यात 15 टक्के सवलत असते. पॉलिसीत चार्जर आणि पाण्याने झालेलं बॅटरीचं नुकसान धरलंय का, हे मात्र वाचून घ्या.

आणि बॉनेटखालची ती छोटी 12 व्होल्टची बॅटरी. मोठी बॅटरी 90 टक्के असली तरी ही बसली की दारही उघडत नाही. रिमोटच्या आत असलेली लोखंडी चावी कशी निघते आणि दाराला ती कुठे लागते, हे आज घरासमोर करून पाहा.