रंगीत ट्रेडस्कँशिया वरून ओकीबोकी का होते? या चुका टाळा

रोपवाटिकेतून आणताना ट्रेडस्कँशिया, म्हणजे टांगत्या कुंडीत लावतात ते रंगीत पानांचं लोंबतं झाड, गच्च भरलेली असते. काही महिन्यांत फांद्या लांबच लांब लोंबतात, पण कुंडीच्या तोंडाशी नुसत्या काड्या उरतात आणि जांभळा-चंदेरी रंग फिका पडतो. अशा वेळी बहुतेक जण पाणी आणि खत वाढवतात, आणि झाड आणखी बिघडतं. कारण दोष सहसा वेगळ्याच दोन गोष्टींत असतो: कुंडीच्या तोंडावर उजेड पडत नाही आणि कात्री वेळेवर चालवली जात नाही.

कुंडी छताजवळ टांगणं

ही सगळ्यांत मोठी चूक. खिडकीतला उजेड वरून खाली तिरका येतो. कुंडी काचेच्या वरच्या कडेपेक्षा उंच असेल, तर लोंबणाऱ्या शेंड्यांना उजेड मिळतो आणि मातीजवळची पानं अंधारात राहतात. अंधारातली पानं झाड टिकवत नाही. ती वाळतात आणि वरचा भाग उघडा पडतो.

कुंडीचं तोंड काचेच्या वरच्या कडेपेक्षा किमान 20 ते 30 सेंमी खाली ठेवा आणि कुंडी खिडकीपासून मीटरभराच्या आत असू द्या. भर दुपारी मातीच्या वर 30 सेंमीवर हात धरून बघा. सावलीचा आकार ओळखता आला तर उजेड पुरेसा आहे. नुसता धूसर डाग दिसला तर कमी आहे. सकाळचं कोवळं ऊन 2-3 तास थेट मिळालं तर उत्तमच. दुपारचं कडक ऊन काचेतून आलं, तर मात्र पानांवर कागदासारखे कोरडे, पांढुरके डाग पडतात.

झेब्रिना जातीचा जांभळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे येतो आणि चांगल्या उजेडात ते जास्त तयार होतं. उजेड कमी पडला की पानं हिरवट निघतात, लहान राहतात आणि दोन पानांमधलं अंतर वाढतं. जागा बदलल्यावर जुन्या पानांवरून निष्कर्ष काढू नका. 3-4 आठवड्यांनी आलेली नवी पानं बघा. खिडकीच नसेल, तर झाडांसाठीचा एलईडी दिवा कुंडीच्या तोंडावर 20 ते 30 सेंमीवरून रोज 10-12 तास लावा.

लांब फांदी कापायला जीव न होणं

फांदीचा शेंडा वाढत असतो तोवर तो खालच्या डोळ्यांना (पेरांवरच्या सुप्त कोंबांना) दाबून ठेवतो. शेंडा खुडला की खालच्या पेरांतून नवे फुटवे निघतात. म्हणून न कापलेली ट्रेडस्कँशिया लांब होते, दाट होत नाही. पेराच्या अर्धा सेंमी वर, स्वच्छ कात्रीने कापा. एकदम सगळं झाड बोडकं करू नका. दर दोन आठवड्यांनी साधारण एक तृतीयांश फांद्या घ्या.

फक्त छाटून टक्कल भरत नाही, कारण जुन्या वाळक्या काड्यांवर फुटवे कमी येतात. कापलेले शेंडे त्याच कुंडीत लावले तर ते भरतं:

1. शेंड्याचे 8-10 सेंमी लांबीचे तुकडे करा आणि खालची दोन पानं काढा.
2. उघडी झालेली एक-दोन पेरं मातीत जातील एवढं खोल खोचा. मुळं पेरातूनच फुटतात.
3. 15 सेंमीच्या कुंडीत 8-10 तुकडे, एकमेकांपासून 3-4 सेंमीवर लावा.
4. पहिले दोन आठवडे माती ओलसर ठेवा, चिखल करू नका. साधारण 7-10 दिवसांत मुळं धरतात. मूळ फुटण्याची पावडर लागत नाही.

एखादी लांब फांदी न कापता मातीवर गोल फिरवून, पेरापाशी केसांच्या आकड्याने दाबून ठेवली तरी तिला मुळं फुटतात. पाण्यात मुळं आणायची असतील तर ती 2-3 सेंमीची होताच मातीत लावा. फार लांब झालेली पाण्यातली मुळं मातीत चटकन रुळत नाहीत.

एवढं करूनही वर्ष-दोन वर्षांनी झाड पुन्हा विरळ होणारच. तो या जातीचा स्वभाव आहे. तेव्हा नवे शेंडे लावून कुंडी ताजी करणं हीच तिची खरी निगा.

हिरव्या फांद्या तशाच ठेवणं

नॅनुकसारख्या गुलाबी-पांढऱ्या जातींत मध्येच एखादी पूर्ण हिरवी फांदी निघते. तिच्यात हरितद्रव्य जास्त असल्याने ती जोमाने वाढते आणि रंगीत फांद्यांना झाकून टाकते. शेवटच्या रंगीत पानापर्यंत ती कापून टाका. संपूर्ण गुलाबी किंवा पांढरी फांदीही दिसायला देखणी, पण स्वतःचं अन्न बनवू शकत नाही. तिची कटिंग लावून फायदा नाही.

पिवळं पान दिसलं की पाणी घालणं

आधी बुंधा दाबून बघा. तो मऊ, तपकिरी, पाणी भरल्यासारखा लागत असेल तर मुळं कुजली आहेत. पानं कुरकुरीत आणि कुंडी हातात हलकी लागत असेल तर झाड तहानलेलं आहे. बोट 2-3 सेंमी आत घालून माती कोरडी लागली तरच पाणी द्या, आणि दिलंत की तळातून वाहेपर्यंत द्या.

टांगायच्या कुंडीला चिकटलेली बशी इथे घात करते. तिच्यातलं साचलेलं पाणी खालून दिसत नाही. पंधरा मिनिटांनी कुंडी तिरकी करून ते ओतून टाका. भोक नसलेल्या शोभेच्या कुंडीत थेट लावू नका. बुंधा कुजलाच, तर मुळं वाचवायच्या नादी न लागता टणक शेंडे कापून नवीन मिश्रणात लावा: 2 भाग कोकोपीट, 1 भाग गांडूळखत, 1 भाग परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे).

द्रवखत अर्ध्या मात्रेत, वाढीच्या काळात महिन्यातून एकदा, एवढं पुरे. मातीवर पांढरी पापडी आणि पानांची टोकं तपकिरी दिसली, तर क्षार साठले आहेत. साध्या पाण्याने कुंडी दोन-तीनदा धुऊन काढा. एसीच्या झोतातही टोकं जळतात.

पानाच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा. बारीक जाळी आणि फिकट ठिपके म्हणजे कोळी कीड; पानांची मागची बाजू पाण्याच्या जोरात धुवा.

मांडणीतल्या चुका

झेब्रिनाच्या पानाची मागची बाजू गडद जांभळी असते, म्हणून ती डोळ्यांच्या जरा वर छान दिसते. उजेडाची अट सांभाळून तेवढीच उंची द्या. नॅनुकच्या फांद्या जाड, आधी उभ्या वाढून मग झुकणाऱ्या. तिला वरून बघता येईल अशा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवा. रंगीत पानांना नक्षीदार कुंडी मारक ठरते, एकरंगी निवडा. सगळ्या फांद्या एका रेषेत कापल्या तर झालर लावल्यासारखं दिसतं. लांबी कमी-जास्त ठेवा. भिंतीकडची बाजू विरळ होऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा कुंडी पाव वळसा फिरवा. फांद्या पेरापाशी पटकन तुटतात, तेव्हा येण्याजाण्याच्या वाटेत टांगू नका.

कापताना निघणाऱ्या रसाने काहींच्या त्वचेला खाज सुटते. कुत्र्या-मांजरांनाही त्याचा त्रास होतो, त्यामुळे हात धुवा आणि झाड त्यांच्या तोंडाला लागणार नाही असं ठेवा. उरलेले तुकडे ओढ्याकाठी किंवा मोकळ्या जागेत फेकू नका. एका पेरापासूनही ते रुजतात; न्यूझीलंडमध्ये याच कुळातल्या फ्लुमिनेन्सिस जातीने जंगलातली जमीन व्यापून स्थानिक रोपांना उगवू दिलेलं नाही. तुकडे पूर्ण वाळवा आणि मगच कंपोस्टमध्ये टाका.