पेठेत भाड्यानं खोली घेताय? ‘एरिया कसा आहे?’ एवढ्यावर थांबू नका, या चुका टाळा

जून लागला की नात्यातल्या नाहीतर ओळखीतल्या कुणाच्या तरी मुलीचा फोन येतोच. “ताई, नारायण पेठेत एक कॉट, म्हणजे खोलीत एकीपुरती जागा, मिळतेय, एरिया सेफ आहे ना?” परभणीहून पुण्यात आले तेव्हा मीही हेच विचारलं होतं. उत्तर मिळालं, “पेठेत राहायचं म्हणतेस, मग काळजी कसली?” तेवढ्या भरवशावर मी खोली घेतली आणि अकरा महिने रोज रात्री जीव मुठीत धरून जिना चढले. तेव्हापासून कुणी पेठेचं नाव सांगितलं की मी उलट विचारते: बोळ कुठला, इमारत कुठली, आणि तू घरी किती वाजता येणार?

मध्यवस्तीत राहण्याचे फायदे मला मान्य आहेत. अभ्यासिका, मेस, मंडई, पुस्तकांची दुकानं सगळं पायाखाली. मंडई आणि कसबा पेठेत मेट्रोही आली. म्हणून ‘तिकडे राहू नका’ असं मी कुणालाच सांगत नाही. पण खोली बघताना पुन्हा पुन्हा त्याच चुका होताना बघते, आणि त्यातल्या काही जिवावर बेतणाऱ्या आहेत.

पेठेच्या नावावर निर्णय घेणं

सदाशिव पेठ म्हणजे सुरक्षित आणि बुधवार पेठ म्हणजे तिकडे फिरकायचंही नाही, अशी सरळ वाटणी लोक करून टाकतात. २७ जून २०२३ ला सकाळी, भर वर्दळीत, सदाशिव पेठेत पेरूगेट पोलीस चौकीच्या जवळ एका विद्यार्थिनीवर कोयत्यानं हल्ला झाला. चौकीत त्या वेळी पोलीस नव्हते. पुढे निलंबनाची कारवाईही झाली. त्या मुलीला वाचवलं ते रस्त्यावरून जाणाऱ्या, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या तरुणांनी. ‘चौकी शेजारीच आहे’ हे ऐकून निर्धास्त होऊ नका. चौकीत माणूस असतो का आणि आरडाओरडा केला तर धावून येणारं कुणी रस्त्यावर असतं का, हे दोन्ही बघा.

बुधवार पेठेचं उलटं. अप्पा बळवंत चौकातली पुस्तकं तिथंच, दगडूशेठ गणपती तिथंच, पिढ्यानपिढ्या राहणारी कुटुंबं तिथंच आणि देहविक्रय चालणाऱ्या गल्ल्याही तिथंच. त्या गल्ल्यांमधल्या बायका कुणाला धोका नसतात. त्रास होतो तो तिथं येणाऱ्या, दारू प्यायलेल्या, प्रत्येक बाईकडे एकाच नजरेनं बघणाऱ्या पुरुषांचा. तुमची येण्याजाण्याची वाट त्या रहदारीतून जाते की नाही, एवढंच तपासायचं. चार बोळ सोडून असलेल्या खोलीला पेठेच्या नावामुळे नाही म्हणण्यात अर्थ नाही.

रविवारी सकाळी अकराला खोली बघणं

एजंट नेमकी हीच वेळ देतो. ऊन पडलेलं असतं, ओसरीवर आजी पेपर वाचत बसलेल्या असतात, सगळं छान वाटतं. माझी पहिली खोली मी अशीच बघितली होती. खाली दुकानं, दिवसभर गजबज. राहायला गेल्यावर कळलं की रात्री साडेनऊला शटरं पडली की त्या बोळात चिटपाखरू नसतं. दुकानांवरच्या मजल्यांवर गोदामं होती. राहणारी अशी आमची एकच इमारत.

म्हणून जागा दोनदा बघा. दुसऱ्यांदा कामाच्या दिवशी रात्री, तुम्ही रोज जेव्हा परताल त्या वेळी, कुणाला तरी सोबत घेऊन. ज्या बसस्टॉपवर किंवा मेट्रो स्टेशनवर उतरणार तिथून दारापर्यंत चालत जा. वाटेत किती दिवे लागलेत आणि किती बंद आहेत ते मोजा. मेडिकल, दूधवाला, चहाची टपरी, अभ्यासिका, यातलं काय उघडं आहे? परमिट रूम कुठे आहे आणि तिथली माणसं बाहेर पडून कुठल्या बाजूला थांबतात? दिंडी दरवाजा, म्हणजे वाड्याच्या मोठ्या दारातलं छोटं दार, रात्री कितीला लागतो, त्यानंतर कोण उघडतं, जिन्यात दिवा आहे का, हेही त्याच वेळी बघून घ्या.

स्वारगेटला पहाटेच्या एसटीनं उतरणाऱ्यांनी पहाटेची वाटही बघावी. आमच्याकडच्या बहुतेक मुली रात्रीच्या गाडीनं येतात आणि पहाटे चार-साडेचारला हातात बॅग घेऊन बोळात शिरतात. याचा विचार खोली घेताना कुणीच करत नाही.

चुकीच्या माणसाला चुकीचा प्रश्न

‘एरिया सेफ आहे का?’ या प्रश्नाला एजंट ‘एकदम’ म्हणणार आणि मालक ‘आमच्याकडे फॅमिली राहतात’ म्हणणार. शेजारी काय म्हणतील ते जरा जपून ऐका. ‘ती वस्ती चांगली नाही’ याचा अर्थ कितीदा तरी ‘तिथले लोक आमच्यातले नाहीत’ एवढाच असतो. आडनाव विचारून खोली देणारी माणसं अजून आहेत आणि तीच माणसं शेजारच्या मोहल्ल्याबद्दल तुम्हाला सल्ला देतात. त्याला सुरक्षिततेची माहिती समजू नका.

इस्त्रीवाल्याला विचारा, मेडिकलवाल्याला विचारा, नळावर पाणी भरणाऱ्या मावशींना विचारा. प्रश्न मात्र नेमका हवा: “मावशी, तुमची मुलगी रात्री दहाला एकटी येते का? कुठल्या बाजूनं येते?” ‘मंदिराकडून येते, मागच्या बोळातून नाही’ असं उत्तर आलं की तुम्हाला त्या भागाचा नकाशा मिळाला. त्याच इमारतीत राहणाऱ्या एखाद्या मुलीशी मालक समोर नसताना पाच मिनिटं बोलता आलं तर सगळ्यात उत्तम.

आकडे हवे असतील तर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर पोलीस ठाण्यानुसार एफआयआर बघता येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर ते तिथं टाकले जातात. पण वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. लैंगिक गुन्ह्यांसारखे संवेदनशील एफआयआर तिथं दिसत नाहीत. आणि बाजाराच्या हद्दीत पाकीटमारी, मोबाईलचोरी, दुचाकीचोरी जास्त नोंदली जाणारच, कारण रोज बाहेरून तेवढी गर्दी तिथं येते. मंडई परिसराची यादी लांब दिसली म्हणून तिथल्या वाड्यात राहणं धोक्याचं ठरत नाही. घरफोडी, मारहाण, रात्रीची वेळ, हे वेगळं काढून वाचा.

चोराची भीती, पण भिंतीकडे लक्षच नाही

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही. मुली कुलूप बघतात, खिडकीचे गज बघतात; छताकडे कुणी मान वर करून बघत नाही. पेठेतले कितीतरी वाडे शंभरीच्या आसपासचे किंवा त्याहून जुने आहेत. लाकडी तुळया, मातीतलं बांधकाम, वर वाढवलेल्या खोल्या, आणि मालक-भाडेकरूंच्या वादात वर्षानुवर्षं न झालेली दुरुस्ती. पावसाचं पाणी भिंतीत मुरलं की असं बांधकाम जड होतं आणि बसतं. मुंबईत भेंडी बाजारातली हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ ला पडली, डोंगरीतली केसरबाई १६ जुलै २०१९ ला. दोन्ही दुर्घटना पावसाळ्यातल्याच.

पोट आलेली भिंत, दाराच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग, अचानक घट्ट बसायला लागलेलं दार, तुळईच्या टोकाला वाळवीचा भुसा, भिंतीतून उगवलेला पिंपळ, कुठेतरी लावलेले लाकडी टेकू. यातलं काही दिसलं तर भाडं कितीही कमी असो, परत फिरा. एकाच ठिकाणी ताजं प्लास्टर आणि बाकी भिंत जुनी असेल तर त्याखाली काय झाकलंय ते विचारा.

पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांची पाहणी करून नोटिसा देते. दारावरची नोटीस बऱ्याचदा फाडलेली असते. म्हणून पेठांच्या बऱ्याच भागासाठी असलेल्या कसबा-विश्रामबागवाडा क्षेत्रीय कार्यालयात घर क्रमांक सांगून चौकशी करा. पूर्वेकडच्या पेठांसाठी भवानी पेठ क्षेत्रीय कार्यालय आहे. वर्गवारीही समजून घ्या. सी-१ म्हणजे तातडीनं रिकामी करून पाडायची इमारत. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे रिकामी न करता रचनेची दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. पहिल्या दोहोंत राहायला जायचंच नाही. तीस वर्षांवरच्या इमारतीची स्ट्रक्चरल तपासणी करून घेणं कायद्यानं मालकावर आहे, त्यामुळे तो अहवाल मागताना संकोच नको.

आग लागली तर काय, हेही उभं राहून बघा. वाड्यात सहसा एकच अरुंद लाकडी जिना असतो, आणि मीटरचा बोर्ड नेमका त्याच्याच खाली. त्या बोर्डाखाली गॅसची टाकी, रद्दी, जुन्या गाड्या ठेवलेल्या असतील तर तो जिना आगीत सगळ्यात आधी जाणार. दुसरी वाट कुठली? गच्चीवरून शेजारी उतरता येतं का? अग्निशमनची गाडी बोळाच्या कुठल्या तोंडापर्यंत येऊ शकते? ही उत्तरं नसतील तर तिसऱ्या मजल्यावरची खोली घेऊ नका.

नदीकाठच्या बाजूला, म्हणजे नारायण, शनिवार, कसबा पेठेच्या खालच्या अंगाला, तळमजला घेणाऱ्यांनी खडकवासला धरणातून विसर्ग वाढल्यावर पाणी कुठवर येतं ते विचारावं. २५ जुलै २०२४ ला पूर आला तेव्हा पलीकडच्या काठावर पुलाच्या वाडीत तीन तरुण विजेचा धक्का लागून गेले. तळमजल्यावर मीटर आणि प्लग किती उंचीवर आहेत, याकडे मी तेव्हापासून आवर्जून बघते.

खोली देणारा नेमका कोण आहे?

जुना पागडी भाडेकरू, म्हणजे एकदा मोठी रक्कम देऊन पिढ्यानपिढ्या राहणारा, नाममात्र भाडं भरतो आणि त्यातली एक खोली कॉट बेसिसवर मुलांना देतो, हे पेठेत सर्रास चालतं. मूळ मालकाची परवानगी नसेल तर पोटभाडेकरू म्हणून तुमच्या बाजूला काहीच नसतं. वाद पेटला की कुलूप बदलतं, सामान जिन्यात येतं, डिपॉझिट बुडतं. मालमत्ता कराची पावती आणि मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) मागा. त्यावरचं नाव आणि समोर बसलेला माणूस जुळला पाहिजे, नाहीतर मालकाची लेखी परवानगी दिसली पाहिजे.

लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेला हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. ‘करार कशाला, घरच्यासारखं राहा’ म्हणणारा आणि पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायला टाळाटाळ करणारा, दोघांकडे खोली घेऊ नका. करारात एक ओळ मात्र आग्रहानं घालून घ्या: महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली तर लॉक-इन, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी खोली न सोडण्याची अट, लागू राहणार नाही आणि डिपॉझिट पूर्ण परत मिळेल.

राहायला गेल्यावर अडचण आली तर

जिन्यातला दिवा मालक लावत नसेल तर स्वतः लावा आणि बिल व्हॉट्सअपवर पाठवून भाड्यातून वळतं करायला सांगा. हे बोलणं लेखीच असू द्या. रस्त्यावरचा दिवा बंद असेल तर खांबावरचा नंबर घेऊन महापालिकेकडे तक्रार करा. नंबर दिला की नेमका कुठला खांब, हा घोळ राहत नाही.

मालक विचारल्याशिवाय आत येतो असा संशय आला तर त्याच दिवशी स्वतःचं कुलूप लावा आणि तसं त्याला लिहून कळवा. कुणी पाठीमागे येतंय असं वाटलं तर खोलीच्या बोळात शिरू नका, तुमचं दार त्याला दाखवू नका. उजेडातल्या उघड्या दुकानात शिरा आणि ११२ फिरवा. मेडिकलवाल्याशी आधीच ओळख करून ठेवायची ती याचसाठी.

भिंतीची भेग वाढतेय असं वाटलं तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं खूण करा, शेजारी तारीख लिहा, फोटो काढा. खुणेच्या पुढे गेली की फोटो मालकाला आणि क्षेत्रीय कार्यालयाला पाठवा. रात्री माती पडल्याचा किंवा लाकूड करकरल्याचा आवाज आला तर सकाळची वाट बघू नका. सामान राहू दे, सगळ्यांना उठवा आणि खाली या.