माघातलं लग्न, गार मंडप आणि हिटरची निवड

निफाड तालुक्यात आमचा मंडपाचा धंदा आहे, वडिलांपासूनचा. त्यांच्या काळी बांबू, कनाती आणि जाजमं ट्रॅक्टरवर टाकली की लग्न उभं राहायचं, आणि थंडी वाजली तर पाहुणे आपापल्या शाली गुंडाळून बसायचे. आता यजमानांना जर्मन हँगर, म्हणजे ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर ताणलेला मोठा तंबू, लागतो आणि रिसेप्शन संध्याकाळी सात ते अकरा. पौषात लग्नं नसतात, म्हणजे गर्दी मार्गशीर्षात आणि माघात. आमच्याकडचे बागायतदार द्राक्षं वाचवायला पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ते हेच दिवस.

‘‘दादा, हिटर कुठला लावू?’’ असा फोन आला की मी आधी उलटा प्रश्न टाकतो: मंडप बंद आहे की मोकळा? सगळं त्यावर ठरतं.

दोन-तीन बाजू उघड्या असतील तर हवा तापवायच्या फंदात पडू नका. बंबातलं पाणी ओतून गोदावरी कोमट करण्यासारखं आहे ते. तिथे माणूस तापवायचा, म्हणजे अंगावर धग टाकणारे हिटर लावायचे. छत्रीसारखा उंच गॅस हिटर साधारण 13 किलोवॅटचा असतो आणि तासाला किलोभर गॅस खातो. 19 किलोची व्यावसायिक टाकी हिशेबाने चार संध्याकाळी पुरायला हवी, पण कडाक्याच्या थंडीत टाकीला बाहेरून दव धरतं, दाब उतरतो आणि ज्योत मंदावते, म्हणून जोडीला दुसरी टाकी ठेवा. घरगुती लाल टाकी लग्नात लावणं बेकायदा आहे, कितीही जवळचा पाहुणा देत असला तरी. या छत्रीची धग दोन-अडीच मीटरच्या पलीकडे जाणवत नाही. म्हणून ती कडेने शोभेसाठी उभी करू नका. म्हातारी माणसं बसतात तिथे आणि बुफेच्या रांगेजवळ ठेवा, डोक्यावर मोकळं आभाळ आणि कनात हाताला लागणार नाही इतकी लांब.

याच छत्र्या बंद हँगरमध्ये लावण्याची चूक मी केलेली आहे. आठ हिटर, चारी बाजू घट्ट बंद, मी स्वतःवर खूश. नऊच्या सुमारास नवरीची आजी म्हणाली, ‘‘अरे, पाऊस येतोय का?’’ वर पाहिलं तर छताच्या आतून थेंब लोंबत होते. एक तिच्या पानातल्या जिलेबीवर पडला, दुसरा फोटोग्राफरच्या लेन्सवर. गॅस जळला की पाण्याची वाफ होते, किलोमागे जवळजवळ दीड लिटर. आठ हिटर चार तासांत तिसेक किलो गॅस जाळतात, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस लिटर पाणी मंडपातच सोडतात. थंड कापडाला लागून ते ठिबकणारच. त्याहून वाईट म्हणजे दोघातिघांची डोकी दुखायला लागली होती. ताबडतोब हिटर बंद केले आणि बाजूचे पडदे वर केले. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. तेव्हापासून ज्याचा धूर बाहेर जात नाही असं काहीही मी बंद मंडपात पेटवू देत नाही. आचाऱ्याची कोळशाची शेगडीसुद्धा नाही, अगदी ‘कोपऱ्यातच ठेवतो’ म्हणाला तरी.

बंद मंडपाला किती ऊब लागते, याचा हिशेब कागदावर करा. पन्नास बाय शंभर फुटांचा, म्हणजे सुमारे 15 बाय 30 मीटरचा हँगर घ्या. बाजू 3 मीटर, मध्यावर 5. छत आणि भिंती मिळून कापड होतं साधारण 770 चौरस मीटर. एकपदरी पीव्हीसी कापडातून दर चौरस मीटरला, आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या प्रत्येक अंशामागे, सहाएक वॅट ऊब निसटते. बाहेर 8 अंश आणि आत 18 हवे असतील तर 770 गुणिले 6 गुणिले 10, म्हणजे 46 किलोवॅट. फटींतून आणि दारातून शिरणाऱ्या वाऱ्याचे आणखी बारा-पंधरा धरा. साठ किलोवॅट झाले.

हे साठ विजेवर काढायचे म्हटलं तर लायटिंग-साउंडच्या वर पाऊणशे केव्हीएचा (केव्हीए हे जनरेटरच्या ताकदीचं माप) आणखी एक जनसेट, म्हणजे डिझेल जनरेटर, लागतो. तो लिटरभर डिझेलमधून जेमतेम साडेतीन युनिट काढतो (एक युनिट म्हणजे एक किलोवॅट तासभर), म्हणजे तासाला सतरा लिटर. तेच डिझेल सरळ हिटरमध्ये जाळलं तर लिटरमागे आठ-साडेआठ युनिट ऊब मिळते, तासाला सातच लिटर. जनसेटच्या विजेवर मोठा मंडप तापवायला निघालेल्या यजमानाला मी एवढे दोन आकडे लिहून देतो. विजेचे हिटर स्टेजवर आणि नवरीच्या खोलीत ठीक.

म्हणून मोठ्या बंद मंडपाला माझी पसंती धुराडंवाल्या डिझेल ब्लोअरलाच. हा मंडपाबाहेर उभा राहतो. जाळ एका बंद भांड्यात, धूर धुराड्यातून वर, आणि भांड्याच्या बाहेरून तापलेली स्वच्छ हवा डक्टमधून, म्हणजे जाड नळीतून, आत. भाड्याने घेताना धुराडं आहे का ते डोळ्यांनी बघा. त्याच्यासारखाच दिसणारा बिनधुराड्याचा ब्लोअर स्वस्त मिळतो, पण तो धुरासकट हवा फेकतो. तो गोदामासाठी, माणसांसाठी नाही. ब्लोअर भिंतीपासून दोन-तीन मीटरवर ठेवा, डक्ट लांब झाला की वाटेतच गार होतो. जनसेटचा धूर त्याच्या तोंडाशी येणार नाही, हेही बघा. डक्टचं तोंड खाली, जमिनीलगत सोडा. गरम हवा वर जायला कोणाची परवानगी मागत नाही.

पण हिटर मागवण्याआधी वारा अडवा. कनातीच्या खालच्या फटीवर ताडपत्रीची झालर टाका आणि वाळूच्या पिशव्यांनी दाबा. दाराला दोन पडदे लावा, मध्ये चार-पाच पावलांची जागा सोडून. कापडी सीलिंग खाली घेतलं की तापवायची हवाही कमी होते. जमिनीला लोक विसरतात. शेतात मंडप असेल तर प्लायचा प्लॅटफॉर्म आणि त्यावर मॅटिंग हवंच, नाहीतर अंगाला ऊब आणि पाय बर्फ.

हे सगळं बांधताना बाहेर जायच्या वाटा मात्र बांधू नका. 23 डिसेंबर 1995 ला हरियाणातल्या डबवालीत शाळेच्या कार्यक्रमात मंडपाला आग लागली आणि चारशेहून जास्त माणसं गेली, त्यांत बहुतेक लहान मुलं. सिंथेटिक कापड आणि बाहेर पडायला अपुरी वाट. आमच्याकडे दर बाजूला एक पडदा नुसता लोटलेला असतो, आणि त्याच्यासमोर खुर्ची ठेवू देत नाही. डिझेलचे कॅन मंडपापासून लांब, अग्निशामक ब्लोअरपाशी.

पाहुणे यायच्या दीड-दोन तास आधी ब्लोअर सुरू करा. एकदा चारशे माणसं बसली की प्रत्येकाच्या अंगातून शंभरेक वॅट ऊब निघते, म्हणजे जवळजवळ चाळीस किलोवॅट फुकट. आठ वाजता थर्मोस्टॅटवर, म्हणजे ठरलेल्या तापमानाला ब्लोअर आपोआप चालू-बंद करणाऱ्या यंत्रावर, तापमान कमी करा, नाहीतर वरमाय पंखा मागते. थर्मोस्टॅट बसलेल्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर, डक्टच्या झोतापासून दूर.

आणि रात्री पोरांना बजावून ठेवा: ब्लोअर त्याच्या बटणानेच बंद करायचा. जाळ विझल्यावर पंखा काही मिनिटं फिरून आतलं भांडं गार करतो. घाईत जनसेट आधी बंद केला तर तापलेलं भांडं तसंच राहतं, तडकतं, आणि भाडेवाला दुसऱ्या दिवशी पैसे मागायला दारात उभा.