हाडाचे मणी कापायचं पातं घरी बनवताना या चुका टाळा

हाडाचा मणी एकेक करून कानशीने घासत बसलं तर दहा मणीसुद्धा एका मापाचे निघत नाहीत. यावर मध्ययुगीन युरोपातल्या जपमाळ बनवणाऱ्या कारागिरांनी काढलेला तोडगा आजही तितकाच चोख आहे. पोलादाचं सपाट पातं, त्याच्या मधोमध खिळी, खिळीच्या दोन्ही अंगांना मण्याच्या अर्ध्या आकाराची खाच आणि कडेला एकेक दात. हे पातं हाडाच्या सपाट पट्टीवर निम्म्या जाडीपर्यंत फिरवायचं, पट्टी उलटायची आणि त्याच भोकात खिळी घालून दुसऱ्या बाजूने फिरवायचं. दोन्ही काप मधे भेटले की मणी सुटतो. जर्मनीतल्या कॉन्स्टान्स शहरातल्या उत्खननात गोल भोकांच्या रांगा असलेल्या अशा हाडपट्ट्यांचे तुकडे ढिगाने सापडले आहेत. तो सगळा या कामाचा टाकाऊ माल. तेराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये तर हाड आणि शिंगाच्या जपमाळा करणाऱ्यांचा स्वतंत्र संघ होता.

असं पातं आयतं फारसं मिळत नाही, पण घरी होतं. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा, ड्रिलला लावून लाकडाला भोक पाडायचा १२ मिमीचा फ्लॅट बिट घ्या आणि त्यालाच नवा आकार द्या. लोखंडी पट्टीपासून सुरुवात करू नका. ड्रिलच्या चकला तीन जबडे असतात, सपाट पट्टी त्यात मध्यावर धरली जात नाही आणि पातं डगमगत फिरतं. फ्लॅट बिटचा दांडा षट्कोनी असतो, तो तीन जबड्यांत बरोबर मधे बसतो. निम्मी कटकट तिथेच मिटते.

माप कागदावर न उतरवता घासायला घेणं

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. ८ मिमी व्यासाचा, ५ मिमी जाडीचा आणि २.५ मिमी भोकाचा मणी धरून चला. पट्टी ५ मिमी जाडीची, म्हणजे पात्याला प्रत्येक बाजूने २.५ मिमी खोल जायचं आहे. खाचेची गोलाई चेनसॉला धार लावायच्या ४.८ मिमीच्या गोल कानशीने आपोआप २.४ मिमी त्रिज्येची येते. उरलेला ०.१ मिमी खिळीजवळचा सपाट भाग मण्याच्या तोंडावरून साफ करून घेतो.

दाताची आतली कड पात्याच्या मध्यरेषेपासून बरोबर ४ मिमीवर हवी. दात १.२ मिमी रुंद ठेवा, म्हणजे पात्याची एकूण रुंदी १०.४ मिमी होते. दात २ मिमी रुंद ठेवला तर हाडाचा नुसता भुगा करण्यात जोर जातो, आणि ०.८ मिमीच्या खाली गेला तर पहिल्या अडकण्यालाच तुटतो.

आता खिळी. फ्लॅट बिटची मूळ खिळी लांब असते आणि ती तशीच ठेवली जाते. पट्टीच्या जाडीपेक्षा ती लांब राहिली तर खालच्या फळीला टेकते आणि दात हाडापर्यंत पोचतच नाहीत. खाचेच्या तळापासून ४.५ मिमी लांबी ठेवा. दातांच्या पुढे साधारण २ मिमी निघते, भोकात बसायला तेवढी पुरते.

खिळीच्या रुंदीत आणखी एक फसगत आहे. पातं २ मिमी जाड आणि खिळी २ मिमी रुंद ठेवली तर तिचा कर्ण २.८ मिमी होतो. फिरताना भोक कर्णाच्या मापाने पडतं, रुंदीच्या नाही. २.५ मिमीच्या भोकात २ मिमी जाडीच्या पात्याची खिळी बसवायची तर रुंदी १.४ मिमी लागते, कर्ण २.४४ येतो. जाडी प्रत्येक कंपनीची थोडी वेगळी असते, त्यामुळे आधी व्हर्निअरने मोजा आणि मग हिशेब करा. खिळीचे चारही कोपरे धारेच्या दगडावर हलकेच मारून घ्या, नाहीतर ती भोकाला आतून खरवडत राहते.

पातं निळं पडेपर्यंत ग्राइंडरवर धरणं

फ्लॅट बिटच्या पोलादाला कारखान्यातच पाणी दिलेलं, म्हणजे तापवून-बुडवून कडक केलेलं असतं. ग्राइंडरवर कड निळी पडली की तेवढ्या भागाचं पाणी उतरलं असं समजा. तशा कडेने दोनचार मणी होतात आणि धार बसते. हाड लाकडासारखं मऊ नाही, ते धार खात राहतं. दोनतीन सेकंद टेकवायचं, पाण्यात बुडवायचं, पुन्हा टेकवायचं. बोटांना चटका बसेल इतकं पातं तापूच देऊ नका. ढोबळ आकार कापायच्या चकतीने काढला तरी शेवटचा अर्धा मिलिमीटर कानशीनेच घ्या. कानस घसरत असेल तर हिऱ्याची सुई-कानस वापरा.

निळी पडलीच तर तो भाग घासून टाकावा लागतो किंवा पुन्हा पाणी द्यावं लागतं. टोकाचा भाग लाल होऊन त्याला चुंबक चिकटेनासं झालं की आणखी थोडं तापवून कोमट खाद्यतेलात बुडवायचं. तसंच वापरलं तर दात काचेसारखे उडतात, म्हणून लगेच ओटीजीमध्ये २०० ते २२० अंशांवर तासभर ठेवायचं. चकचकीत घासलेल्या भागावर गवती पिवळा रंग आला की झालं. तेल भडकू शकतं. हे काम उघड्यावर करा, भांडं लोखंडी घ्या आणि वर टाकायला झाकण हाताशी ठेवा.

दोन्ही पंख सारखे नसणं

मणी ठरवल्यापेक्षा लहान येतो ही तक्रार बहुतेकांची असते. खिळीच्या प्रत्येक अंगाची खाच आणि दात मिळून एक पंख. कारण साधं आहे: ज्या पंखाचा दात मध्यरेषेच्या जास्त जवळ असतो, तोच मण्याचा व्यास ठरवतो. एक दात ४ मिमीवर आणि दुसरा ३.७ मिमीवर असेल, तर मणी ७.४ मिमीचा होतो आणि दोन दात मिळून रुंद चर पाडतात.

पातळ पत्र्याचा अर्धा साचा कापा, एका पंखावर जुळवा, उलटा करून दुसऱ्यावर जुळवा. मग अंगाच्या साबणाच्या वडीवर पातं हाताने दोन फेरे फिरवा. खोबणीला दुहेरी कड दिसली तर पंखांत फरक आहे. हे हाडावर तपासायची गरज नाही.

खूप घासूनही जुळत नसेल तर हट्ट सोडा. एक पंख चांगला जमला आहे तो ठेवा आणि दुसरा सगळीकडून ०.३ मिमी मागे घ्या. एकच पंख कापेल, वेळ जास्त लागेल, पण मणी गोल आणि मापात येईल. अर्धवट जुळलेल्या दोन पंखांपेक्षा नीट बसलेला एक पंख केव्हाही बरा.

धारेची दिशा

न्यूर्नबर्गच्या मेंडेल आश्रमाच्या पंधराव्या शतकातल्या वहीत मणीकाराचं चित्र आहे. तो कमानीच्या दोरीने साधन फिरवतो. कमानीने फिरणारं पातं एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे जातं, म्हणून त्याची कड दोन्ही दिशांनी खरवडणारी हवी. ड्रिल मशीन मात्र एकाच दिशेने फिरतं. जुन्या पद्धतीची नक्कल म्हणून दोन्हीकडून उतार दिला की कड हाडाला नुसती घासते. मशीनसाठी पुढचा चेहरा, म्हणजे फिरताना हाडाला आधी भिडणारी बाजू, सपाट ठेवा आणि फक्त मागच्या बाजूने ८ ते १० अंशांचा उतार द्या. दोन्ही पंखांचे चेहरे एकमेकांच्या उलट बाजूंना येतात, हे घासण्यापूर्वी मार्करने खूण करून ठेवा. दोन्ही उतार एकाच बाजूने दिले तर एक पंख कधीच कापणार नाही.

उतार खाचेच्या गोलाईतही हवा. दाताला दिला जातो आणि गोलाईत विसरला जातो. मग मण्याचा माथा काळपट होतो आणि जळक्या केसांसारखा वास येतो. पात्याची पाठ हाडावर रगडतेय एवढाच त्याचा अर्थ. तपासणी सोपी आहे. मागच्या उतारावर परमनंट मार्करचा काळा थर द्या, हाडावर हाताने दोन फेरे फिरवा आणि भिंगातून बघा. शाई फक्त कडेच्या केसभर पट्टीत पुसली गेली असेल तर उतार बरोबर. मागे खालपर्यंत पुसली असेल तर तिथेच अजून घासा, दुसरीकडे हात लावू नका.

दाताची आतली बाजूसुद्धा बघा. ती टोकाकडे जाताना आत झुकत असेल तर कापलेला मणी पात्यात अडकतो आणि उपसताना चिरतो. टोकाकडे एक-दोन अंश बाहेर उघडणारी असावी.

हाडाचा दोष पात्यावर ढकलणं

पातं उत्तम असूनही मणी फुटतात, तेव्हा बहुतेक वेळा दोष हाडाचा असतो. प्रेशर कुकरमध्ये हाड शिजवणं हा आपल्याकडचा सर्रास प्रकार. त्याने हाडातलं कोलॅजन विरघळून सरस होतं, आणि उरतो तो खडूसारखा ठिसूळ भाग. भांडी धुण्याचा साबण घातलेल्या पाण्यात उकळी न येऊ देता मंद आचेवर काही तास ठेवा, पाणी बदला, पुन्हा ठेवा. पांढरं करायला कपड्यांचं क्लोरीन ब्लीच नको, तेही हाड पोखरतं. औषध दुकानातलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड पुरतं. ६ टक्क्यांचं मिळालं तर तितकंच पाणी घाला.

नळीचा मधला सरळ, जाड भाग घ्या. टोकांकडचं जाळीदार हाड मण्याला छिद्रं पाडतं. बकऱ्याची नळी ५ मिमीच्या पट्टीला पुरत नाही, तिच्यातून चपट्या चकत्या निघतात. महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी असल्याने म्हशीचं हाड परवानाधारक दुकानातून घ्यावं. रानात पडलेली जनावरांची हाडं अजिबात वापरू नका. अँथ्रॅक्सचे बीजाणू साध्या उकळण्याने मरतात असं धरून चालता येत नाही. चितळ-सांबराचं शिंग, गळून पडलेलं असलं तरी, वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बाळगता येत नाही. तो विचारच नको.

पट्टीच्या दोन्ही बाजू काचेवर चिकटवलेल्या ८० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासून समांतर करा आणि चारही कोपऱ्यांत व्हर्निअर लावा. जाडी ४.९ ते ५ मिमी. ५.३ झाली तर मधे ०.३ मिमीचा पापुद्रा उरतो. ४.६ झाली तर दुसरा काप पूर्ण व्हायच्या आत मणी सुटतो आणि त्याची कंबर, म्हणजे मधला सर्वांत रुंद घेर, एका बाजूला सरकते.

कापताना

२.५ मिमीचं भोक आधी ड्रिल स्टँडवर आरपार पाडा. हातातल्या ड्रिलने पाडलेलं भोक तिरकं जातं आणि दोन अर्धे एकमेकांवर बसत नाहीत. केंद्रांतलं अंतर ११.५ मिमी ठेवा, म्हणजे दोन खोबण्यांच्या मधे मिलिमीटरभर हाड राहतं. त्याहून जवळ गेलात की पट्टी मधेच मोडते.

वेग मिनिटाला ४०० ते ६०० फेरे, त्यापेक्षा जास्त नको. पातं थरथरून मण्यावर बारीक लाटा उठत असतील तर वेग कमी करा, दाब थोडा वाढवा आणि पट्टी क्लॅम्पने घट्ट आवळली आहे का बघा. पट्टी दोनतीन तास पाण्यात भिजवून, पुसून घेतली तर काप गुळगुळीत जातो आणि धूळ कमी उडते. चालू मशीनवर मात्र पाणी ओतू नका, आणि भिजवलेले मणी उन्हात नाही, सावलीत वाळवा. हाडाची धूळ फुफ्फुसात जाऊ देऊ नका: एन९५ मास्क आणि चष्मा हवाच. फिरत्या पात्याजवळ हातमोजे घालायचे नाहीत.

सर्वांत जास्त मणी शेवटच्या क्षणी वाया जातात. दुसऱ्या बाजूचा काप आरपार झाला की सुटलेला मणी खिळीवर गरगर फिरतो, दातात अडकतो आणि त्याच्या कंबरेचा टवका उडतो. पट्टी उलटण्याआधी पहिल्या बाजूच्या खोबणीत वितळलेलं मेण भरा आणि ती बाजू दुहेरी चिकटपट्टीने फळीवर बसवा. भोकात गेलेलं मेण काडीने काढून टाका, नाहीतर खिळी मध्यावर बसत नाही. किंवा ड्रिल स्टँडचा अडसर असा लावा की ०.२ मिमीचा पापुद्रा शिल्लक राहील. मग मणी अंगठ्याने दाबून काढायचा आणि कंबरेवर उरलेली पापुद्र्याची कड ४०० नंबरच्या पेपरवर घासायची.

पातं पूर्वीपेक्षा जास्त दाब मागू लागलं की धार गेली. त्या वेळी फक्त सपाट चेहरा धारेच्या दगडावर चारपाच वेळा ओढा. खाचेत कानस घालून धार लावू नका, तसं केलं की गोलाई मोठी होते आणि आधीच्या माळेला नवे मणी जुळत नाहीत.