डोंगल नुसता विचारून भागत नाही
इतवारीच्या होलसेल व्यापाऱ्यांसाठी बिलिंगचं किंवा धरमपेठेतल्या लॅबसाठी रिपोर्टचं सॉफ्टवेअर लिहून विकत असाल आणि चोरून कॉपी होऊ नये म्हणून यूएसबी डोंगल (पेनड्राइव्हसारखी वस्तू, जी लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालू नये) देत असाल, तर तुमचा कोड एकदा तपासा. प्रोग्राम सुरू होताना एकदाच ‘डोंगल आहे का?’ असं विचारून पुढे जात असेल, तर ते संरक्षण नावापुरतंच. डीबगर (चालत्या प्रोग्रामच्या आत डोकावायचं टूल) घेऊन बसलेला माणूस तेवढी एक अट उलटी करतो आणि खेळ खलास.

त्यापेक्षा प्रोग्रामचं कामच डोंगलवर अडेल असं करा. दराचा तक्ता किंवा रिपोर्टचा साचा एन्क्रिप्ट करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा, ठेवायचा, आणि तो उलगडणारी किल्ली डोंगलमधल्या चिपच्या बाहेर येऊच द्यायची नाही. एकदम सगळा नको, लागेल तेवढाच तुकडा उलगडा. शिवाय बिल छापताना, वर्ष बंद करताना अशी मध्येमध्ये तपासणी ठेवा. डोंगल कंपनीचं रेडीमेड एन्व्हलप टूल (तयार प्रोग्रामभोवती संरक्षणाचं कवच चढवणारं) वापराच, पण फक्त त्याच्या भरवशावर राहू नका.

डोंगल नसला तरी जुनी बिलं बघता आली पाहिजेत, असं माझं मत. गिऱ्हाइकाचा डेटा त्याचा आहे, आपला नाही.

सेंटिनेल या ब्रँडचा नेटवर्क डोंगल (एका मशीनला लावून नेटवर्कवरच्या बाकीच्यांनी वापरायचा) दुसऱ्या मशीनवर दिसत नसेल, तर नवा मागवण्याआधी फायरवॉलमध्ये १९४७ नंबरचा पोर्ट उघडा आहे का ते बघा. आणि डोंगल सीपीयूच्या मागच्या बाजूला लावायला सांगा. पुढे लावलेला झाडूपोछ्यात वाकतो.