नौदल कमांडोंची जंगलकथा लिहिताय? या चुका टाळा

सातारा जिल्ह्यात राहून युद्धकथा लिहिणं तसं जोखमीचं. गावाच्या नावातच 'मिलिटरी' असलेलं अपशिंगे इथलं, 1961 साली सुरू झालेलं सैनिक स्कूल इथलं, आणि पारावर बसणाऱ्यांत एखादा तरी पेन्शनीतला फौजी असतोच. माझे चुलते, तात्या, त्यातलेच. आर्मीतून हवालदार होऊन आले. नौदल कमांडोंवरची पहिली कथा मी मोठ्या हौसेनं त्यांच्या हातात दिली. तात्यांनी दुसऱ्याच पानावर चष्मा काढला.

"आरं, ह्यो गडी रायफल चालवतोय का नळी धरून अंगणात पाणी मारतोय?"

माझा नायक दीड पान गोळ्या झाडत होता. हातात एके-47. आता हिशेब बघा. ती ऑटोमॅटिकवर मिनिटाला साधारण 600 गोळ्यांच्या वेगानं चालते आणि नेहमीच्या मॅगझिनमध्ये असतात 30. ट्रिगर दाबून धरला की तीन सेकंदांत खेळ खलास. माझ्या दीड पानात तो वेडा गडी किमान दहा मॅगझिनं संपवत होता आणि बदलत एकही नव्हता. भरलेलं मॅगझिन पाऊण किलोच्या वर जातं. सात घेतली तर जवळपास सहा किलो नुसतं तेवढंच. वर पाणी, लिटरला एक किलो. मग वायरलेस, त्याच्या बॅटऱ्या, दोरखंड, औषधं. एवढं अंगावर घेतलेला माणूस झाडावरून झाडावर उड्या मारत नाही.

यावर मी शोधलेला उपाय अगदी वाण्याच्या दुकानातला आहे. वहीच्या डाव्या बाजूला उधारीच्या खात्यासारखा एक रकाना आखतो. गोळीबार झाला की आकडा कमी करायचा: 210, 198, 171. हा आकडा बाराच्या खाली आला की 'वातावरण तंग झालं होतं' असं लिहावंच लागत नाही. पात्रं आपोआप मोजून गोळ्या झाडायला लागतात.

दुसरी चूक हुद्द्यांची, आणि ती आपल्याकडं हमखास होते, कारण आपले कान आर्मीला सरावलेले. माझ्या कमांडोंत एक सुभेदार होता. नौदलात सुभेदार, हवालदार, नाईक नसतात. तिथं लीडिंग सीमन, पेटी ऑफिसर, चीफ पेटी ऑफिसर असतात. नौदलातला लेफ्टनंट आर्मीच्या कॅप्टनच्या बरोबरीचा, आणि नौदलातला कॅप्टन म्हणजे थेट कर्नलच्या तोलाचा. त्यामुळं 'तरुण कॅप्टन आठ जणांना घेऊन चिखलात उतरला' असं वाक्य आलं की जाणता वाचक पुस्तक मिटतो. 'आयएनएस कर्णच्या डेकवर' हेही असंच. कर्ण हे जहाज नाही. तो विशाखापट्टणमचा किनाऱ्यावरचा तळ आहे, 2016 साली नौदलात दाखल झालेला.

काळाचंही तसंच. आज मार्कोस म्हणून ओळखली जाणारी नौदल कमांडोंची तुकडी 1987 साली उभी राहिली ती इंडियन मरीन स्पेशल फोर्स या नावानं. मार्कोस हे नाव नंतरचं. म्हणून 'ऑपरेशन पवन'च्या, म्हणजे 1987 साली श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेच्या मोहिमेच्या काळातल्या नायकाला 'मी मार्कोस!' असं गरजायला लावू नका. त्याच्या हातात टॅव्होर रायफलही देऊ नका, 1987 साली ती वापरात आलेलीच नव्हती.

आता जंगल. सगळ्यात जास्त गफलत इथं होते आणि ती कोयनेच्या माणसाकडून जास्त होते. मीच केली. श्रीलंकेतल्या वन्नीच्या जंगलात जुलै महिन्यात धो धो पाऊस, दाट धुकं, बुटात जळवा आणि लांबून वाघाची डरकाळी. म्हणजे मी बामणोलीच्या पलीकडचं रान उचलून समुद्रापार नेऊन ठेवलं होतं. वन्नीचा भाग कोरड्या पट्ट्यातला. तिथं मोठा पाऊस येतो तो ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबरनंतर. आपल्याकडं जुलैत ओढे तुडुंब असतात तेव्हा तिथला सैनिक पाण्याचा थेंब शोधत असतो. झाडंही आपल्या खिरणीच्या जातीची, कमी पाण्यावर तगणारी. जळवांचा सुळसुळाट बेटाच्या नैर्ऋत्येला, सिंहराजासारख्या ओल्या जंगलात. आणि वाघ? श्रीलंकेच्या रानात वाघ नाहीच. बिबट्या आहे, अस्वल आहे. त्या काळात तिथं 'टायगर' म्हटलं की एलटीटीईचा बंदूकवालाच.

आणि 'ऑपरेशन पवन'ची लढाई जिथं पेटली ते श्रीलंकेच्या उत्तरेचं जाफना तर जंगलही नव्हे. ऑक्टोबर 1987 मध्ये लेफ्टनंट अरविंद सिंग यांच्या तुकडीनं गुरुनगरच्या धक्क्यावर जी कारवाई केली, ज्यासाठी त्यांना महावीर चक्र मिळालं, ती खाडीच्या पाण्यातून शहरालगतच्या धक्क्यावर झाली. तिथं वेलींना लटकणारा कमांडो आणाल तर फसाल. कथेला जंगलच हवं असेल तर मिझोराममधल्या वैरेंगटेच्या जंगल युद्धशाळेतलं प्रशिक्षण घ्या. तिथला बांबू आणि चढण वेगळीच.

पण रानात माणसाच्या कानांचं आणि डोळ्यांचं काय होतं, ते शिकायला कोयनेचा काठ पुरतो. गेल्या पावसाळ्यात मित्राला कारवीच्या दाटीत उभं केलं आणि मी पंधरा पावलं मागं गेलो. दिसेना. शर्टाचा रंगही दिसेना. पण त्यानं खांदा हलवला की रेनकोटची करकर मात्र स्वच्छ यायची. सॅकचा वेल्क्रो उघडल्याचा आवाज तर कुणी कापड टरकावल्यासारखा. मग थोड्या वेळानं तंबाखूचा वास आला. पठ्ठ्यानं मळायला घेतली होती. माझ्या कथेतला शत्रू दोनशे मीटरवर दुर्बिणीतून दिसायचा. त्या दिवसानंतर तो पंधरा पावलांवर, नाकाला आणि कानाला सापडायला लागला. संवाद निम्म्यानं कमी झाले, कारण अशा ठिकाणी कुणी पल्लेदार बोलत नाही. हाताच्या खुणा करतात. चालही मंदावली. दाट रानात तासाला एक किलोमीटर म्हणजे बरी मजल.

ग्रेनेडची पिन दातानं ओढायला लावू नका, दात हातात येईल.

कथा मध्येच अडकली, पुढं काय घडवावं सुचेना, तर एकाला जखमी करा, पण हिशेबानं. आठ जणांच्या तुकडीत एकाच्या मांडीत गोळी लागली की स्ट्रेचरला चार जण लागतात. उरले तीन: पुढं एक, मागं एक, आणि वायरलेसवाला. चढावर दर थोड्या वेळानं खांदे बदलायचे, म्हणजे त्या तिघांनाही पाळी आलीच. माझ्या जुन्या कथेत नायक मित्राला खांद्यावर टाकून रात्रभर डोंगर चढतो. तात्यांनी समासात एवढंच लिहिलं होतं: 'दोघांची रायफल कोणाकडं?'

गावातल्या फौजींना विचारायचं असेल तर 'किती मारले?' विचारू नका. एकतर ते सांगत नाहीत, आणि सांगितलंच तर चहा थंड होईपर्यंत गप्प बसतात. बारीकसारीक विचारा. मी तात्यांना विचारलं, पावसात आठ-आठ दिवस रानात, तर पायमोजे कुठं वाळवायचा? ते लगेच सावरून बसले. "वाळवायला हाय कुठं? रात्री पिळायचं आन् छातीला लावून झोपायचं. सकाळी एक वाळल्याला असायचा, एक न्हाई."