एकटीने अनेक देश फिरताना: उन्हाळी प्रवास मुक्कामापासून कसा आखावा

बहुतेक जणी प्रवास आखायला बसल्या की पहिली यादी करतात ती बघायच्या ठिकाणांची. मीही आधी तेच करायचे. आता माझी पहिली यादी वेगळी असते: कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठल्या स्टेशनवर उतरणार आणि तिथून खोलीच्या दारापर्यंत कशी पोचणार. एका देशातून दुसऱ्या देशात जायचा दिवस हा एकटीच्या प्रवासातला सगळ्यात नाजूक दिवस. सगळं सामान पाठीवर, भाषा बदललेली, नोटा बदललेल्या, आणि तिकीट काढून येईपर्यंत बॅगेकडे बघायला दुसरं कुणी नाही. हे दिवस नीट बसवले की मधले दिवस कसेही मोकळे सोडता येतात.

खालची बरीचशी उदाहरणं युरोपातली आहेत, कारण जून ते ऑगस्टमध्ये अनेक देश जोडून फिरणाऱ्यांचा ओढा तिकडेच असतो. क्रम मात्र कुठेही लागू पडेल.

१. देशांआधी रात्री मोजा

तीन आठवडे म्हणजे वीस रात्री. कागदावर सात देश सहज बसतात, पण प्रत्येक बदलाला अर्धा ते एक दिवस जातो: खोली सोडणं, गाडी पकडणं, नवी खोली ताब्यात मिळेपर्यंत बसून राहणं. सात देशांत सहा बदल, शिवाय येण्याजाण्याचे दिवस वेगळे. माझा हिशोब सोपा आहे. पहिल्या शहरात चार रात्री, पुढे कुठेही तीनपेक्षा कमी नाही. पहिल्या शहरात जास्त का, तर झोपेचं घड्याळ बिघडलेलं असतं आणि दमलेली बाई घाईत चुकीचे निर्णय घेते. या हिशोबाने तीन आठवड्यांत फार तर सहा देश बसतात, पण चार-पाचच धरलेले बरे.

मग दिशा ठरवा. जुलै-ऑगस्टमध्ये दक्षिण युरोप भाजून निघतो. उष्णतेच्या लाटांत अथेन्सचं अ‍ॅक्रोपोलिस भर दुपारी काही तास बंद ठेवावं लागलं आहे. म्हणून जूनमध्ये दक्षिणेला सुरुवात करून उत्तरेकडे सरकणं बरं. उत्तरेला दिवसही लांब असतो. पॅरिसमध्ये जूनअखेर सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो, ऑगस्टअखेर मात्र साडेआठच्या आसपास. अंधाराआधी खोलीवर पोचायचं असेल तर हा दीड तास फार मोलाचा ठरतो. ठरलेल्या प्रत्येक शहराची सूर्यास्ताची वेळ आराखड्यात तारखेशेजारीच लिहून ठेवा.

विमानाचं तिकीट एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून परतीचं शोधा. सुरुवातीच्या शहरात परत येण्यात एक दिवस फुकट जातो.

२. व्हिसाचा नकाशा वेगळा काढा

देशांच्या सीमा आणि व्हिसाच्या सीमा एक नसतात. युरोपातल्या ज्या देशांत एकाच व्हिसावर फिरता येतं, त्या गटाला शेंगेन क्षेत्र म्हणतात. त्यात आज २९ देश आहेत. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपीय संघात नाहीत, पण शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड संघात आहे, शेंगेनमध्ये नाही. सर्बिया, अल्बानिया, बोस्निया, माँटेनेग्रो बाहेर आहेत.

तुमच्या पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागत असेल तर अर्ज ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे करायचा. दिवस सारखेच असतील तर जिथे आधी प्रवेश करणार त्या देशाकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पंधरा दिवस आधीपर्यंत तरी करावाच लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस धरतात, पण तो पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. शिवाय उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळणं हीच खरी अडचण असते, त्यामुळे तीन-चार महिने हातात ठेवा. किमान ३०,००० युरोचं संरक्षण देणारा वैद्यकीय विमा लागतो. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला हवा.

कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, आणि येण्याचा व जाण्याचा असे दोन्ही दिवस त्यात मोजले जातात. तुमच्या व्हिसावर त्याहून कमी दिवस लिहिले असतील तर तेवढेच. १२ ऑक्टोबर २०२५ पासून चेहरा आणि बोटांचे ठसे नोंदवणारी नवी प्रवेश-निर्गम प्रणाली सुरू झाली आहे, त्यामुळे दिवसांचा हिशोब यंत्रच करतं. पहिल्या नोंदीला वेळ लागतो. उतरल्यावर लगेच पुढची गाडी धरायची असेल तर मध्ये भरपूर अवधी ठेवा.

एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर आणखी एक गोष्ट बघा. क्रोएशियात स्प्लिटहून दुब्रोव्निकला जाणारा जुना किनारी रस्ता न्यूम या गावातून जातो, आणि न्यूम बोस्नियात आहे. म्हणजे बस त्या रस्त्याने गेली तर अर्ध्या तासात तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडून पुन्हा आत येता. तुमच्या व्हिसावर दुसरा प्रवेश नसेल तर सीमेवर अडकाल. जुलै २०२२ मध्ये खुल्या झालेल्या पेल्येशाट्स पुलामुळे न्यूम टाळता येतं, पण तुमची बस कुठल्या रस्त्याने जाते हे तिकीट काढण्याआधी विचारा. फिरताना मध्येच शेंगेनबाहेरचा देश घ्यायचा विचार असेल तर अर्जातच अनेक प्रवेशांचा व्हिसा मागा आणि त्याचं कारण आराखड्यात दिसू द्या.

३. पोचण्याची वेळ आधी, गाडी नंतर

एकदा मी स्वस्त तिकिटाच्या मोहात रात्री पावणेबाराला एका नव्या शहरात उतरले. हॉस्टेलचं रिसेप्शन दहाला बंद झालं होतं. दाराचा कोड ईमेलने येणार होता, तो आला नाही, आणि फोनची बॅटरी नऊ टक्क्यांवर होती. बंद दारासमोर वीस मिनिटं उभी होते, तेवढ्यात आतली एक मुलगी बाहेर आली म्हणून मला शिरता आलं. तिकिटात वाचवलेले पैसे त्या वीस मिनिटांपुढे काहीच नव्हते.

तेव्हापासून नियम केला: नव्या शहरात दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान पोचायचं. तोवर खोली तयार असते, रिसेप्शनवर माणूस असतो, आणि गल्ली पसंत पडली नाही तर जागा बदलायला उजेड उरतो. गाडी यायला उशीर झाला तरी अंधार पडायच्या आत पोचता येतं. ही वेळ पाळणारी गाडी आधी शोधा, त्यातून स्वस्त कोणती ते मग बघा. रात्री उशिराच्या विमानाला पर्यायच नसेल तर त्या रात्रीपुरती विमानतळालगतची खोली घ्या.

रात्रीच्या रेल्वेने जायचं असेल तर ऑस्ट्रियाच्या ‘नाइटजेट’ गाड्यांत महिलांसाठी राखीव कंपार्टमेंट मिळतं, मात्र ते बुकिंग करतानाच निवडावं लागतं. रेल्वे पास घेणार असाल तर एक लक्षात ठेवा: फ्रान्सच्या टीजीव्ही आणि इटली-स्पेनच्या वेगवान गाड्यांत पास असूनही जागेचं आरक्षण वेगळं आणि पैसे मोजून करावं लागतं. उन्हाळ्यात पासधारकांच्या जागा लवकर संपतात.

४. खोली निवडताना

सरासरी गुण बघून थांबू नका. एकट्या राहिलेल्या बायकांनी अलीकडे लिहिलेले अभिप्राय शोधा आणि त्यात तीन गोष्टी वाचा: रात्री रिसेप्शनवर कुणी असतं का, स्टेशनपासूनचा रस्ता वाहता आहे का, खोलीला आतून कडी आहे का. ‘महिलांसाठी डॉर्म’ (अनेक खाटांची सामायिक खोली) लिहिलं असलं तरी बाथरूम सामायिक असू शकतं, ते विचारून घ्या.

पोचल्यावर रिसेप्शनवरच्या माणसाने सगळ्यांसमोर खोलीचा नंबर मोठ्याने उच्चारला तर निःसंकोच दुसरी खोली मागा. हा हट्ट नाही, आणि चांगल्या हॉटेलांना त्याचं कारण सांगावंही लागत नाही. दाराखाली सरकवायची रबरी पाचर सोबत ठेवा. मुठीएवढी असते, पण ती लावली की मला शांत झोप लागते.

५. पैसे, फोन, औषधं

दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं दोन वेगळ्या जागी ठेवा. एटीएम किंवा दुकानातल्या कार्डयंत्राने ‘तुमच्या चलनात पैसे भरायचे का’ असं विचारलं तर नाही म्हणा. स्थानिक चलनच निवडा, नाहीतर विनिमय दर वाईट लागतो. ई-सिम (वेगळं कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणारं सिम) घेताना देशांची यादी वाचा. ‘युरोप’ लिहिलेल्या काही पॅकमध्ये स्वित्झर्लंड किंवा बाल्कनमधले देश नसतात, आणि ते कळतं नेमकं सीमा ओलांडल्यावर. नेहमीची औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत असू द्या. साधी वाटणारी औषधंही काही देशांत निर्बंधांखाली येतात. जपानमध्ये सर्दीच्या गोळ्यांतल्या स्यूडोएफेड्रीनवर मर्यादा आहे. पाळीसाठी लागणाऱ्या वस्तू पहिल्या आठवड्यापुरत्या नक्की न्या.

६. एका माणसाला सगळं माहीत असू द्या

सगळ्या नातेवाइकांना सगळं कळवत बसू नका. एकच विश्वासू व्यक्ती निवडा, तिला मुक्कामांचे पत्ते, गाड्यांचे नंबर आणि पासपोर्ट-विम्याच्या प्रती द्या. ‘रोज बोलू’ असं मोघम ठरवू नका. प्रवासाच्या दिवशी मुक्कामाला पोचल्यावर संदेश पाठवायचा, आणि ठरल्या वेळेनंतर तीन तासांत तो आला नाही तर तिने आधी हॉटेलला फोन करायचा, मग वकिलातीला. हे दोघींनी आधी लिहून ठेवावं. फोटो टाकायचेच असतील तर ती जागा सोडल्यावर टाका.

७. प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी

एक छोटा कागद घ्या. त्यावर नव्या मुक्कामाचा पत्ता स्थानिक लिपीत, हॉटेलचा फोन, स्टेशनवरून जायचा ट्राम किंवा बस नंबर, सूर्यास्ताची वेळ आणि आपत्कालीन क्रमांक लिहा. युरोपीय संघात कुठेही ११२ चालतो. पुढच्या शहराचा नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या, पॉवर बँक चार्जिंगला लावा, थोडी स्थानिक रोकड वेगळ्या खिशात ठेवा. कागद पर्समध्ये नको, अंगावरच्या खिशात हवा. मग लवकर झोपा, सकाळची गाडी आहे.